‘पूर्ण संचा’त नसलेली वस्तू

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. त्यांच्या आठवीतल्या मुलीने परीक्षा संपल्यावर मत्स्यपेटीचा हट्ट धरला. वडिलांनी दुकानात चौकशी केली आणि दुकानदाराच्या भाषेत ज्याला ‘पूर्ण संच’ म्हणतात तो घरी आणला. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी काचेची पेटी, दिवा बसवलेले झाकण, एअर पंप, पाण्यात बुडवायचा फिल्टर, हीटर, निळी-गुलाबी खडी, तोंड उघडझाप करणारा प्लास्टिकचा शिंपला, मागे चिकटवायचे समुद्रतळाचे चित्र, खाद्याचा डबा आणि एक निळ्या औषधाची बाटली. त्याबरोबर सहा गोल्डफिश आणि ‘काच साफ करणारे’ दोन सकर मासे. दुपारी पेटी भरली, संध्याकाळी मासे सोडले.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ दिसू लागले. आठवड्याने मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. दुकानदाराने सांगितले, सगळे पाणी बदला, फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा आणि निळे औषध घाला. घरच्यांनी सगळे तंतोतंत केले. तीन आठवडे पुरे होण्याआधी सहाही गोल्डफिश मेले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मुलीने विचारले, “सर, पंप तर रात्रंदिवस चालू होता. मग मासे गुदमरल्यासारखे का करत होते?”

प्रश्न अतिशय योग्य आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला त्या संचातील एकेक वस्तू तपासावी लागली, आणि शेवटी शाळेच्या पुस्तकांत आपण मत्स्यपेटीची जी आकृती शिकवतो तीही तपासावी लागली. दोन्हींत एकच उणीव निघाली. तिचा हा हिशेब.

ऑक्सिजन असूनही गुदमरणे

मासा प्रथिने खातो आणि त्यांतील नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो अफाट पाण्यात पातळ होतो. दोन फुटी पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी असते. तिथे तो साठत जातो आणि कल्ल्यांना इजा करतो.

निसर्गात या अमोनियाची विल्हेवाट जिवाणू लावतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात. नायट्रेट बरेच कमी विषारी आहे. वनस्पती ते काही प्रमाणात वापरतात, आणि उरलेले पाणी बदलून काढता येते. अडचण अशी की हे जिवाणू फार सावकाश वाढतात. नव्या, धुतलेल्या पेटीत ते जवळजवळ नसतातच. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते, शेवटी तेही उतरते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरले की हिमोग्लोबिनचे रूपांतर मेटहिमोग्लोबिनमध्ये करते. मेटहिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. रक्त तपकिरी दिसू लागते. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, पंप बुडबुडे सोडत असतो, आणि तरीही मासा गुदमरतो. त्यातच अमोनियाने कल्ले दुखावलेले असतात. त्या घरी पाणी कोणी तपासलेले नव्हते, त्यामुळे मृत्यूचे कारण प्रमाणपत्रासारखे लिहून देता येणार नाही. परंतु दिवसांचा क्रम आणि लक्षणे या गोष्टीशी इतकी जुळतात की दुसरे कारण शोधत बसावे असे आम्हाला वाटत नाही.

दुकानदाराच्या सल्ल्याने काय झाले तेही पाहू. पाणी बदलल्याने विष तात्पुरते कमी झाले असेल. पण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते. त्याच्याखाली फिल्टर धुतला तेव्हा त्यावर नुकती वस्ती करू लागलेले जिवाणूही मेले. निळे औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. त्याने मेटहिमोग्लोबिनचे परत हिमोग्लोबिन व्हायला मदत होते, हे खरे. पण तेच औषध नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंनाही मारक आहे. म्हणजे प्रत्येक उपायाने घड्याळ पुन्हा शून्यावर आणले.

यावरून उपकरणे पारखण्याची एक कसोटी मिळते. कोणतीही वस्तू विकत घेताना विचारावे, अमोनियाच्या बाबतीत हिचा उपयोग काय? ती जिवाणूंना जागा, ऑक्सिजन किंवा वेळ देते का? नाहीतर निदान आपल्याला पाण्याची खरी स्थिती सांगते का? या कसोटीवर संच लावून पाहू.

पेटी

दोन फुटी पेटीची निवड चांगली होती. दुकानात तिच्याशेजारीच गोल काचेचे भांडे असते आणि ते स्वस्त पडते म्हणून शाळाही तेच घेतात. त्याचे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. १० सेंटिमीटर त्रिज्येचे भांडे मधोमध भरले तर त्यात सुमारे २.१ लिटर पाणी मावते आणि पृष्ठभाग ३१४ चौरस सेंटिमीटर असतो. तेच भांडे तळापासून १८ सेंटिमीटरपर्यंत भरले तर पाणी जवळजवळ दुप्पट, ४.१ लिटर होते, पण पृष्ठभाग उरतो फक्त ११३ चौरस सेंटिमीटर. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागातूनच आत येतो. म्हणजे ‘माशाला भरपूर पाणी हवे’ म्हणून काठोकाठ भरणारा माणूस त्याची हवाच बंद करत असतो. दोन फुटी पेटीचा पृष्ठभाग सुमारे १,८५० चौरस सेंटिमीटर आहे. इटलीतील रोम शहराने २००५ साली असल्या गोल भांड्यांत मासे ठेवायला बंदी केली, ती उगीच नव्हे.

उंच आणि अरुंद पेटी कोपऱ्यात शोभून दिसते, तीही टाळावी. काचेवरचा एकूण दाब पाण्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० सेंटिमीटर लांबीच्या काचेवर ३० सेंटिमीटर पाणी असेल तर तिच्यावर सुमारे २७ किलो वजनाइतके बल येते. पाण्याची उंची ४५ सेंटिमीटर केली की ते सुमारे ६१ किलो होते. उंची दीडपट, बल सव्वादोन पट. खडी आणि काच धरून भरलेल्या दोन फुटी पेटीचे वजन पाऊणशे किलोच्या घरात जाते, तेव्हा शोकेसच्या फळीचा मोह सोडून भक्कम, सपाट टेबल घ्यावे आणि काचेखाली थर्मोकोलची चादर घालावी.

एअर पंप आणि फिल्टर

एअर पंपाला घरोघरी ‘ऑक्सिजनचा पंप’ म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे. वर जाताना बुडबुडा पाण्यात फार थोडा वेळ असतो आणि त्यातून थोडाच ऑक्सिजन विरघळतो. पंपाचे खरे काम म्हणजे तळचे पाणी वर आणणे आणि पृष्ठभाग हलता ठेवणे. आणि कितीही बुडबुडे सोडले तरी संपृक्ततेच्या पलीकडे जाता येत नाही. २० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. बदलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, म्हणजे माशाची भूक आणि श्वसन वाढलेले असताना, पाण्याची धारणशक्ती मात्र घटलेली असते. जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. अमोनियाच्या रूपातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट करायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. म्हणून पंप हवाच, पण तो एकटा पुरा पडत नाही.

संचातील फिल्टरच्या जाहिरातीत ‘पाणी स्वच्छ करतो’ असे लिहिलेले असते. इथे स्वच्छ याचा अर्थ डोळ्यांना पारदर्शक. अमोनिया तर रंगहीन आहे, पारदर्शक पाण्यातही मासे मरतात. फिल्टरची पारख त्याच्या जोरदार धारेवर न करता, त्यात जिवाणूंना बसायला किती पृष्ठभाग आहे यावर करावी. या कसोटीवर आम्ही साध्या स्पंज फिल्टरला पहिला क्रमांक देतो. स्पंजच्या असंख्य छिद्रांत जिवाणूंची वस्ती होते, एअर पंपावर तो चालतो, त्यात मोटर नाही, लहान पिल्ले ओढली जात नाहीत आणि किंमतही कमी. खडीखाली बसवायची छिद्रांची प्लेट हा जुना प्रकार आहे. तो तत्त्वतः उत्तम, कारण सगळी खडीच फिल्टर बनते. पण वर्षभरात खडीत गाळ साठतो आणि तो उपसायला पेटी मोडावी लागते. बंदिस्त डब्याच्या फिल्टरला आमच्या भागात एक खास धोका आहे, वीज जाण्याचा. प्रवाह काही तास थांबला की डब्यातील ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरू लागतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ठाणे जिल्ह्यातील कितीतरी घरांनी वीज नसण्याचा अनुभव तासांच्या हिशेबाने घेतला, आणि देखभालीसाठी वीज आजही बंद असते. उघड्या पाण्यातला स्पंज अशा वेळी जास्त तग धरतो.

फिल्टर धुवायचा तर पेटीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, हलक्या हाताने पिळावा. नळाखाली कधीही नाही.

विजेबाबत दोन सूचना. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीची वक्रनलिका बनून पेटीतले पाणी उलटे पंपात येते. आणि प्रत्येक वायर प्लगच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकते. उल्हास नदीचे पाणी घरात शिरल्याचा अनुभव बदलापूरच्या सखल वस्त्यांना २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली आला. तिथे प्लगची जागा उंचच असावी हे वेगळे सांगायला नको.

हीटर आणि दिवा

संचात हीटर होता आणि मासे होते गोल्डफिश. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. त्याला हीटर देणे म्हणजे कोकणात लोकरीचा कोट शिवण्यासारखे. उष्ण पाण्याच्या माशांनाही आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस हीटर लागत नाही. हिवाळ्यात पहाटे बदलापुरात चांगलाच गारवा असतो, पण ५०-५५ लिटर पाणी हवेइतके झटकन थंड होत नाही. आधी थर्मामीटर घ्यावा, महिनाभर पहाटेच्या नोंदी ठेवाव्यात, आणि मगच हीटरचा विचार करावा. लिटरला साधारण एक वॅट पुरे. ५० लिटरला ५० वॅटचा हीटर तासाला जेमतेम ०.८६ अंश तापमान वाढवतो. ३०० वॅटचा हीटर बिघडून चालूच राहिला तर तासाला पाच अंशांहून जास्त, म्हणजे सकाळी घरचे जागे होईपर्यंत सगळे संपलेले. मोठा हीटर म्हणजे जास्त चांगला हीटर, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

दिवा माशांसाठी नसून वनस्पतींसाठी व पाहणाऱ्यांसाठी असतो. वनस्पती असतील तर रोज सात-आठ तास पुरेत. रात्रभर दिवा ठेवला तर शेवाळ माजते. निळ्या-लाल झगमगाटाचे दिवे आमच्या कसोटीवर शून्य गुण मिळवतात.

शोभेच्या वस्तू

निळ्या-गुलाबी खडीचा रंग सुटतो का ते घरी पाहता येते, मूठभर खडी ग्लासभर पाण्यात आठवडाभर ठेवावी. पांढऱ्या संगमरवराच्या चुऱ्यावर मात्र आमचा आक्षेप अधिक गंभीर आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते हळूहळू विरघळून पाण्याचा सामू वाढवते. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो, अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया, आणि विषारी आहे ते मुख्यतः दुसरे रूप. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्का मुक्त असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळजवळ नऊपट. खाद्य तेच, मासे तेच, फक्त खाली शोभेची खडी, आणि विषाचे प्रमाण मात्र कितीतरी वाढलेले. धुतलेली साधी नदीची खडी सर्वांत चांगली. ती लिंबाच्या रसाने फसफसत नाही ना, एवढे पाहावे.

वास्तुदोष जावा म्हणून अमुक दिशेला पेटी, आठ सोनेरी आणि एक काळा मासा, असाही सल्ला हल्ली संचाबरोबर मिळतो. नऊ गोल्डफिश दोन फुटी पेटीत ठेवले तर पेटी कोणत्या दिशेला आहे याने अमोनियाला काही फरक पडत नाही.

मासा हे उपकरण नव्हे

‘काच साफ करणारा’ म्हणून सकर मासा उपकरणांच्या यादीत घालतात. तो शेवाळ खरवडतो हे खरे, पण खातो तसा विष्ठाही टाकतो, म्हणजे अमोनियाच्या हिशेबात तो जमेच्या बाजूला नसून खर्चाच्या बाजूला आहे. शिवाय दक्षिण अमेरिकेतला हा मासा फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. मग घरचे लोक दयेपोटी तो नदीत सोडतात. उजनी जलाशयात हेच मासे वाढले आणि तेथील मच्छीमारांची जाळी फाडू लागले. स्थानिक माशांशीही त्यांची स्पर्धा होते. हेंद्रेपाड्यापासून उल्हास नदी पायी जाण्याइतकी जवळ आहे, म्हणून हा मुद्दा मुलांना ठासून सांगायला हवा: पेटीतला मासा कधीही नदीत, तळ्यात वा नाल्यात सोडायचा नाही.

माशांच्या संख्येचा एक जुना नियम आहे, एका गॅलनला एक इंच मासा. हाही तपासून घ्यावा. दहा इंची एक मासा आणि एक इंची दहा मासे, दोन्हींची बेरीज दहाच. पण वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एक इंची माशाचे वजन १ धरले तर दहा इंची माशाचे १,०००, आणि दहा लहान माशांचे मिळून १०. अमोनियाच्या हिशेबात शंभरपट फरक, आणि नियम म्हणतो दोन्ही सारखेच! पहिल्या पेटीसाठी पाच-सहा गप्पी पुरेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून नगरपालिकांचे आरोग्य विभाग हे मासे वाटतात, आणि आपल्या हवामानात ते हीटरशिवाय राहतात. पण गप्पीही बाहेरून आलेला मासा आहे, वरचा नियम त्यालाही लागू.

पुस्तकातली आकृती

आता थोडे आपल्याकडे पाहू. ‘संतुलित मत्स्यपेटी’ची आकृती आपण सगळ्यांनीच फळ्यावर काढली आहे. मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देते, दोन बाण गोल फिरतात आणि पेटी स्वयंपूर्ण होते. या आकृतीत नायट्रोजन कुठेच नाही. हे बाण रात्री उलटतात, वनस्पतीही ऑक्सिजन घेतात, तेही तिच्यात नाही. जो विद्यार्थी ही आकृती मनापासून शिकला, तो पेटीत पंप आणि एक झुडूप पाहून निश्चिंत होणार. आमच्या प्रश्नकर्तीचेही तेच झाले. तिला परीक्षेत पूर्ण गुण होते.

या आकृतीचे मूळ शोधले तर एक विलक्षण कथा हाती लागते. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॅरिंग्टन यांनी १८५० साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे १२ गॅलनचे काचपात्र, म्हणजे आपल्या दोन फुटी पेटीएवढेच. त्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. मासे, वनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल हीच पुढे आपल्या आकृतीची बीजकल्पना झाली. पण आकृतीतून काय गळले ते पाहा. वॅरिंग्टन यांनी पात्र अर्धेच भरले होते, वर मलमलचे कापड होते, तळाला वाळू आणि चिखल होता, सच्छिद्र दगड होते. म्हणजे मोकळा पृष्ठभाग होता, आणि चिखल-दगडांबरोबर जिवाणू आपोआप आले होते. त्यांचा समतोल टिकला तो अशा एका सहकाऱ्यामुळे, ज्याचा पत्ता त्यांना नव्हता. असायचे कारणही नव्हते. नायट्रीकरण हे सूक्ष्मजीवांचे काम आहे, हे श्लोझिंग आणि म्युंझ यांनी १८७७ साली दाखवले.

आणि त्यानंतर ही क्रिया दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जीवांकडून होते, हे रोथामस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ज्यांनी दाखवले त्यांचे नाव होते रॉबर्ट वॅरिंग्टन, त्याच पहिल्या वॅरिंग्टन यांचे चिरंजीव! ते जिवाणू वेगळे काढणे मात्र त्यांना साधले नाही. ते १८९० साली सर्गेई विनोग्राडस्की यांनी साधले. वडिलांच्या पेटीतील कोडे मुलाने शेतातल्या मातीत अर्धे सोडवले. गोष्ट तिथे संपलीही नाही. मत्स्यपेटीत नायट्राइटचे नायट्रेट करणारे मुख्य जिवाणू पुस्तकांतले नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा गटातले आहेत, असे १९९८ साली दिसून आले. आणि दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा २०१५ साली सापडले, त्यांपैकी काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच. शाळेतली आकृती मात्र १८५० सालीच थांबली आहे. तिच्यात तिसरा बाण आणि जिवाणूंचा एक चौकोन घालायला फळ्यावर वीतभर जागा पुरते.

वर्गात करून पाहण्यासारखे

मासे न घालता पेटी ‘पिकवण्याचा’ प्रयोग शाळेत सहज होतो. पेटी, खडी, स्पंज फिल्टर आणि पंप बसवून पाणी भरावे. बदलापूरला नळाला येणारे पाणी उल्हास नदीतून उचलून, शुद्ध करून, क्लोरीन घालून दिलेले असते, म्हणून आधी क्लोरीन घालवावे. प्रयोगशाळेतील हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, १ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. १० लिटरच्या बादलीला त्यातले ४ मिलिलिटर घातले की लिटरला अर्धा मिलिग्रॅमपर्यंतचे क्लोरीन नाहीसे होते.

मग प्रयोगशाळेतला शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर, ५० लिटरला ०.४ ग्रॅम घालावा. त्याने लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन मिळतो. बाजारातला नवसागर अशुद्ध असू शकतो, तो घेऊ नये. कोणाच्या जुन्या, निरोगी पेटीतली मूठभर खडी किंवा पिळलेल्या स्पंजाचे पाणी विरजण म्हणून घातले तर काम लवकर होते. नदीचा चिखल आणू नये. आपल्या औद्योगिक पट्ट्यात नदीत काय काय मिसळते हे आपण जाणतोच.

दर दोन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट चाचणी संचाने मोजून तीन रंगांत आलेख काढावा. नेस्लरचे अभिकर्मक मुलांच्या हाती देऊ नये, त्यात पारा असतो. अमोनिया संपत आला की पुन्हा थोडा नवसागर घालावा. घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शून्यावर आले, की पेटी तयार. मोठे पाणी बदलून साठलेले नायट्रेट काढावे आणि मग मासे आणावेत. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलत राहावे. शाळेची पेटी असेल तर एक स्पंज नळीने जोडून, दुसरा नुसता पाण्यात बुडवून ठेवावा आणि महिन्याने दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत तपासून पाहावेत. कोणता स्पंज अमोनिया लवकर संपवतो, याचा अंदाज मुलांना आधी लिहायला लावावा.

आमची यादी

परीक्षणाचा निकाल असा. घ्यावे: दोन फुटी आयताकृती पेटी, भक्कम टेबल, एअर पंप, स्पंज फिल्टर, साधी खडी, थर्मामीटर, अमोनिया व नायट्राइट चाचणी संच, हायपो, पाणी काढायला नळी आणि फक्त पेटीसाठी राखलेली एक बादली. वनस्पतींसाठी साधा दिवा. थांबावे: हीटर, थर्मामीटरने मागितला तरच. सोडावे: गोल भांडे, संगमरवर, रंगीत खडी, सकर मासा, आणि पाणी न तपासता घातलेले प्रत्येक औषध. ही यादी ‘पूर्ण संचा’हून महाग नाही. वाचलेल्या पैशांतून चाचणी संचाचा बराचसा खर्च निघतो.

या यादीत एक वस्तू लिहिली नाही, कारण ती दुकानात मिळत नाही. चार ते सहा आठवड्यांची वाट. दुकानदाराला दोषी ठरवण्याचा आमचा हेतू नाही. रिकामी पेटी नेऊन दीड महिन्याने मासे घ्यायला या, असे सांगणाऱ्याचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. ते गिऱ्हाईक थांबायला तयार व्हावे, हे काम शाळेचे आहे.

हेंद्रेपाड्यातली पेटी पुन्हा लावली आहे. पाच आठवडे ती माशांविना बैठकीच्या खोलीत होती आणि येणारे-जाणारे हसत होते. “मासे कुठे आहेत गं?” असे कोणी विचारले की मुलगी आलेखाची वही पुढे करी आणि सांगे, “काका, आधी जे दिसत नाहीत ते राहायला येताहेत.” सहाव्या आठवड्यात तिने सहा गप्पी सोडले. त्या दिवशी वहीत अमोनिया आणि नायट्राइट, दोन्हींपुढे शून्य लिहिलेले होते.